कंडोम वापरला, तरी आतच राहिला. आता काय करू? (आणि नीट वापरायचा म्हणजे नेमकं कसं?)

रानजाई | शनिवार, सकाळी ६:१०

नऊ वर्षं इथे वाचतेय पण या विषयावर पहिल्यांदाच लिहितेय. वय ३६, घटस्फोटाला चार वर्षं झाली, पुण्यात एकटी राहते. गेले पाच महिने एका माणसाबरोबर आहे, चांगला आहे, कंडोम वापरायचाच हे दोघांनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. काल रात्री साडेअकराच्या सुमारास सगळं झाल्यावर तो बाजूला झाला आणि बघतो तर कंडोम अंगावर नाहीच, आतच राहिलाय. मला सापडेना, मग घाबरून बाथरूममध्ये जाऊन पाण्याचा जेट मारला, त्यानेही काही झालं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पाळी येऊन बारावा दिवस आहे म्हणजे नेमके धोक्याचेच दिवस. माझी गायनॅक सोमवारी भेटेल. तोपर्यंत काय करू? तो पोटात वर सरकला तर? कृपया उपदेश नकोत, माहिती हवी आहे.

गवतीचहा | शनिवार, सकाळी ६:३२

रानजाई, आधी श्वास घे. पोटात जात नाही. योनिमार्ग वर बंद असतो, तिथे गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्याच्या बारीकशा छिद्रातून कंडोम वर जाऊच शकत नाही. माझ्या बाबतीत हे झालंय म्हणून सांगते. हात साबणाने धू, नखं काप, बाथरूममध्ये उकिडवी बस, बाळंतपणात कळ देतात तशी खाली जोर दे आणि दोन बोटं आत घालून चिमटीत धरून ओढ. बहुतेक वेळा मागच्या बाजूला गोळा होऊन बसलेला असतो. नाही सापडला तर एक पाय बादलीवर ठेवून उभी राहून बघ. जेट, डेटॉल, साबणाचं पाणी असलं काही आत मारू नकोस, त्याने आतली त्वचा चुरचुरते आणि इन्फेक्शन उलट लवकर होतं. तासाभरात नाहीच निघाला तर सोमवारची वाट बघू नकोस, कुठल्याही हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, त्यांना दोन मिनिटांचं काम आहे.

रानजाई | शनिवार, सकाळी ६:५८

निघाला. उकिडवं बसूनच. हात अजून थरथरतायत. तुझे आभार कसे मानू कळत नाही.

मात्रावळ | शनिवार, सकाळी ७:२०

रानजाई ताई, मी नाशिकला मेडिकल चालवतो, फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं झाली. आता दुसरं काम, दिवस जाऊ नयेत याचं. मेडिकल उघडलं की लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलीग्रॅमची एक गोळी घ्या, प्रिस्क्रिप्शन लागत नाही. बॉक्सवर ७२ तास लिहिलेलं असतं म्हणून लोक तिसऱ्या दिवसापर्यंत थांबतात, तसं करू नका, जितकी लवकर तितका उपयोग जास्त. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. टीबीच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांच्यामुळे हिचा परिणाम कमी होतो. पुढची पाळी थोडी मागेपुढे होईल, घाबरायचं नाही, पण आठवडाभर उशीर झाला तर लघवीची टेस्ट करा. आणि ही गोळी फक्त दिवस जाऊ नयेत म्हणून आहे, इन्फेक्शनशी तिचा काडीचाही संबंध नाही.

एक विचारू का, रागावू नका. झाल्यानंतर तो किती वेळ तसाच आत होता?

रानजाई | शनिवार, सकाळी ७:४१

गोळी आणायला निघालेय. वेळ म्हणाल तर पाच-सात मिनिटं असेल. आम्ही तसेच पडून होतो.

मात्रावळ | शनिवार, सकाळी ८:०५

तेच. आत राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. वीर्य आलं की लिंग सैल पडायला लागतं, कंडोम मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून झालं की लगेच, ताठपणा आहे तोवरच, बुडाशी असलेली रिंग बोटांनी घट्ट धरून बाहेर यायचं. ही रिंग धरायची गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. माझ्या काउंटरवर येऊन "पाकीट खराब निघालं" म्हणणाऱ्यांना मी हळूच विचारतो, तर शंभरातल्या नव्वदांना हे माहीतच नसतं. कंडोम आपल्याकडे औषधांच्या कायद्याखाली येतो, फॅक्टरीत एकेक पीस विजेच्या यंत्रावर भोकासाठी तपासून मग पाकिटात जातो. माल क्वचितच खराब असतो. बिघडतं ते पाकिटातून बाहेर काढल्यानंतर, नाहीतर घरी ठेवण्यात.

पुस्तकी आकडाच सांगतो. दर वेळी आणि अगदी बरोबर वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांपैकी साधारण दोघींना दिवस जातात. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा धरला तर साधारण तेरा जणींना. कंडोम तोच, दुकान तेच. मधल्या अकरा जणींसाठी इथे लिहितोय.

वाटसरू७१ | शनिवार, सकाळी ९:१५

माहिती चांगली आहे हे मान्य, पण असे विषय उघड्यावर हवेत का? इथे लेकीसुना वाचतात. बंद गटात घ्या की. धाग्याचं नाव तरी बदला.

मारुतीचापार | शनिवार, सकाळी ९:५०

वाटसरूजी, मी सत्तरीचा माणूस आहे, तुमचा संकोच कळतो. पण र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. याला शंभर वर्षं होत आली. माझी बायको सहा बाळंतपणं काढलेल्या बाईची मुलगी होती, आणि आमच्या लग्नात मला कुणी चार शब्द सांगितले असते तर तिला दोनदा पिशवी साफ करायला जावं लागलं नसतं. ती आज नाही. लेकीसुनांनी वाचावं म्हणूनच हे इथे असू द्या.

गवतीचहा | शनिवार, सकाळी १०:०२

काका, तुम्हाला नमस्कार.

सडाफटिंग_सातारा | शनिवार, दुपारी १:३०

आमचंही सांगतो, कुणाच्या उपयोगाला येईल. दुसऱ्या मुलानंतर बायकोला तांबी सोसेना, रक्तस्राव फार व्हायचा, म्हणून कंडोमवर आलो. दोन वर्षं नीट चाललं. मग तिला कोरडेपणाचा त्रास व्हायला लागला आणि मी आपलं घरातलं खोबरेल लावलं. तीनदा लावलं, तिन्ही वेळा कंडोम फाटला. मला वाटायचं कंपनी बोगस, प्रत्येक वेळी ब्रँड बदलला. तिसऱ्या वेळी दिवस गेले. आम्ही दोघांनी ठरवून गर्भपात केला, तिच्या जिवावर काय बेतलं ते मी बघितलंय. नंतर त्या डॉक्टर बाईंनी विचारलं, तेल लावता का? लेटेक्स म्हणजे रबरच, तेल लागलं की काही मिनिटांत त्याची ताकद जाते. खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल, बॉडी लोशन, तूप, सगळंच. त्यांनी एक फुगा फुगवून त्यावर तेलाचं बोट फिरवून दाखवलं. फट्टकन फुटला. तो आवाज मी विसरलो नाहीये.

मात्रावळ | शनिवार, दुपारी २:१०

सातारकर, मन हलकं केलंत, बरं केलंत. मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेलं जेल मिळतं, ट्यूब मागा, सिलिकॉनचंही चालतं. आणि बायकांना बुरशीच्या इन्फेक्शनसाठी योनीत ठेवायच्या गोळ्या आणि क्रीम देतात ना, त्यातही बऱ्याचदा तेलकट बेस असतो. तो कोर्स चालू असेपर्यंत आणि नंतरचे दोन-तीन दिवस कंडोमवर भरवसा ठेवू नका. हे त्या पाकिटाच्या आत बारीक अक्षरात असतं, कोणी वाचत नाही.

कोरीपाटी | शनिवार, रात्री ११:०५

वय २४. लग्न ठरलंय, दिवाळीनंतर आहे. दोघांनाही काही अनुभव नाही. मित्र म्हणतात सेफ्टीसाठी दोन घाल, एकावर एक. दुसरा म्हणतो शेवटी शेवटी घातला तरी चालतो, आधी मजा घे. कोणाला विचारायचं कळत नाही, घरात तर शक्यच नाही. नीट क्रमाने कुणी सांगेल का? पाकीट मी आत्ताच आणून वॉलेटमध्ये ठेवलंय.

माणदेशी | रविवार, सकाळी ७:००

कोरीपाटी, तुझ्यासाठी लिहितोय, पण सगळ्यांनीच वाचा. मी एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीचा समुपदेशक आहे, म्हणजे जिथे एचआयव्हीची तपासणी आणि सल्ला फुकट मिळतो ती खोली. ११ वर्षं झाली. माझ्या टेबलावर लाकडाचं एक मॉडेल असतं, त्यावर मी कंडोम घालून दाखवतो आणि मग समोरच्याला घालायला सांगतो. चार मुलांचा बाप, ट्रक चालवणारा, मिशीवाला माणूस, "मला काय शिकवता साहेब" म्हणतो, पाकीट दाताने फाडतो आणि कंडोम उलटा धरून दोन मिनिटं खाली ओढत बसतो, उलगडतच नाही. घाम फुटतो त्याला. मी हसत नाही. मी म्हणतो, दादा, घरी असं झालं की काय करता? तो म्हणतो, उलटा करून परत घालतो. आणि तिथेच सगळं चुकतं, कारण उलटा टेकवला तेव्हा जो ओलावा लागला तो आता बाहेरच्या बाजूला आला, त्यात शुक्रजंतू असू शकतात, रोगाचे जंतूही. उलटा लागला की तो टाकायचा, नवीन काढायचा. म्हणून जवळ नेहमी दोन-तीन ठेवावेत.

आता क्रम. आधी तारीख बघ, मग पाकीट दोन बोटांत दाबून बघ, आत हवेची उशी जाणवली पाहिजे, चपटं लागलं तर कुठेतरी गळलंय. आतला कंडोम बोटाने एका कडेला सरकव आणि दुसऱ्या कडेला दातेरी भाग असतो तिथून हाताने फाड, दात नाही, कात्री नाही, ब्लेड तर नाहीच. लिंग पूर्ण ताठ झाल्यावरच आणि योनीला स्पर्श होण्याच्या आधी घालायचा, शेवटी शेवटी घातला तर चालत नाही. वीर्य यायच्या आधी जे पाणी येतं ते माणसाला कळतसुद्धा नाही, आणि रोग लागायला तर वीर्यच लागतं असंही नाही. पुढची त्वचा मागे घे. गुंडाळी बाहेरच्या बाजूला आहे ना बघ, टोपीसारखी. टोकाशी जी छोटी पिशवी असते ती चिमटीत धरून ठेव, हवा राहू देऊ नकोस, तिथे हवा राहिली की वीर्याला जागा उरत नाही आणि दाबाने फाटतो. टोक चिमटीत, आणि दुसऱ्या हाताने थेट बुडापर्यंत उलगडत न्यायचा. अर्ध्यावर सोडलेला कंडोम सरकतो. मधेच कोरडं वाटलं तर थांब आणि वरून जेल लाव. झालं की मात्रावळ यांनी सांगितलं तसं रिंग धरून लगेच बाहेर. गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात टाकू नकोस, पाइप तुंबतात. दुसऱ्यांदा करायचं तर नवीन.

दोन कधीही नाही. एकमेकांवर घासून फाटू शकतात. आणि वॉलेटमधून आत्ता काढ! अंगाच्या उबेने आणि बसून बसून दाबला जाऊन तो महिन्याभरात खराब होतो. गाडीच्या डिकीत तर उन्हाळ्यात भट्टी असते. कपाटात, सावलीत ठेव.

शेवटचं म्हणजे, हे सगळं पहिल्या रात्री अंधारात पहिल्यांदा करू नकोस. एक पाकीट यासाठीच खर्च कर, एकटा असताना दोनदा घालून बघ. आणि होणाऱ्या बायकोशी आधी बोल, तिलाही माहीत असू दे कसा घालतात ते, दोघांपैकी एकाने तरी टोक धरायचं विसरू नये. पैशांचा प्रश्न असेल तर सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो, गावात आशाताईंकडेही असतो. आमच्या खोलीबाहेर डबा लावलाय, लोक कोणी नसताना मूठभर घेऊन जातात, न्या, त्यासाठीच आहे.

कोरीपाटी | रविवार, सकाळी ८:४४

सर, इतकं स्पष्ट मला आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. वॉलेटमधला टाकला. घट्ट होईल की सैल हे कसं कळतं?

मात्रावळ | रविवार, सकाळी ९:३०

बॉक्सवर मिलीमीटरमध्ये रुंदी दिलेली असते, आपल्याकडे बहुतेक ४९ ते ५३ च्या आसपास. बुडाशी वळ उठत असेल किंवा उलगडायलाच जड जात असेल तर घट्ट आहे, मोठा आकडा घे. करताना वर सरकत असेल तर छोटा घे. यात मर्दानगीचा काही संबंध नाही, चप्पल घेताना नंबर बघतोच ना. अजून एक, "जास्त वेळ" लिहिलेल्या कंडोममध्ये आत बधिर करणारं औषध असतं. फाटलं तरी पुरुषाला कळत नाही, आणि उलटा लागला तर बाई बधिर होते. सुरुवातीला साधाच घे. दोघांपैकी कुणाला खाज, लाली, पुरळ आलं तर लेटेक्सची ॲलर्जी असू शकते, त्यासाठी दुसऱ्या मटेरियलचेही येतात, जरा महाग पडतात.

अबोली_कराड | रविवार, दुपारी ३:२०

मी हे तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. वय ४४. दोन मुलं, २७ व्या वर्षी माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. मालक लांबच्या गाडीवर असतात, महिना दीड महिन्याने घरी येतात. ऑपरेशन झालं तेव्हा सगळे म्हणाले आता कटकट मिटली. कंडोमचा विषयच संपला.

आठ-नऊ वर्षांपूर्वी अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोटात दुखायचं, कंबर धरायची. सासूबाई म्हणाल्या उष्णता आहे, धन्याजिऱ्याचं पाणी पी. मी प्यायले. एका खासगी दवाखान्यात गोळ्या दिल्या, आठ दिवस बरं वाटलं, मालक येऊन गेले की परत चालू. चार वर्षं असं चाललं, प्रत्येक वेळी मला वाटायचं माझ्यातच खोट आहे, मी नीट स्वच्छता ठेवत नाही, दिवसातून तीन तीनदा धुवायचे. एकदा ताप येऊन पडले तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने पहिल्यांदा विचारलं, नवऱ्याला औषध दिलं का कुणी? कुणीच दिलं नव्हतं. त्याला काही त्रासच नव्हता. माझी मात्र आतून सूज इतकी जुनी झाली होती की अजून थंडीत पोट दुखतं.

त्यांच्यावर आरोप करायला लिहीत नाहीये. बाहेर काय होतं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा दोघांनी औषध घेतलं. पण एचआयव्हीची तपासणी मी अजून केलेली नाही. भीती वाटते. कंडोम वापरा म्हटलं तर ते म्हणतात, तुझं तर ऑपरेशन झालंय, मग कशाला, माझ्यावर संशय घेतेस का?

गवतीचहा | रविवार, दुपारी ३:४१

अबोली ताई, तुमच्यात खोट नव्हती. एक दिवसही नव्हती.

आकडेमोड | रविवार, दुपारी ४:३०

अबोलीताईंचं वाचून बराच वेळ काही लिहिता येईना. त्या एकट्या नाहीत म्हणून हे आकडे देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१, आख्खा देश: लग्न झालेल्या स्त्रियांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं, पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के, आणि कंडोम ९.५ टक्के. म्हणजे मूल होऊ न देण्याचा भार बाईच्या पोटावर, आणि ते टाके घातले की रोगापासून वाचवणारी एकच वस्तू घरातून जाते. बिनटाक्याची नसबंदी दहा-वीस मिनिटांत होते तरी पुरुष जात नाहीत, तो वेगळा धागा होईल.

माणदेशी | रविवार, संध्याकाळी ६:१५

अबोलीताई, दिवसभर तुमच्या प्रतिसादाचाच विचार डोक्यात होता. तुम्ही सांगताय ती गोष्ट माझ्या खोलीत दर आठवड्याला येऊन बसते.

बाईला बऱ्याचदा कळतच नाही. क्लॅमिडिया, परमा म्हणजे गनोरिया, हे संबंधातून लागणारे आजार, यात अनेक बायकांना काहीच लक्षण नसतं, नाहीतर नुसतं पांढरं जातं, आणि तोवर जंतू वर चढून गर्भनलिकांना सूज आणतो, पुढे कायमचं पोट दुखणं, मूल हवं असणाऱ्यांना मूल न होणं, नळीत गर्भ राहणं. पुरुषालाही लक्षण नसू शकतं. म्हणून औषध जोडीने घ्यायचं, आणि दोघांचं औषध झाल्यावर सात दिवस संबंध नाही. एकट्या बाईला औषध देणं म्हणजे फाटक्या घमेल्यात पाणी. गर्मी म्हणजे सिफिलिसची तर वेगळीच खोड आहे, जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते, माणूस म्हणतो बरा झालो, आजार रक्तात तसाच. साध्या रक्ततपासणीत सापडतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. अंगावर अशी जखम असली की एचआयव्ही लागायची शक्यताही वाढते.

मोठ्या सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक म्हणून खोली असते, तिथे तपासून औषधांचे रंगीत किट देतात, राखाडी, हिरवं, पिवळं असे, आजाराप्रमाणे रंग ठरलेले, सगळं फुकट.

आणि एचआयव्हीच्या भीतीबद्दल. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रात औषधं फुकट मिळतात. नियमित घेतली आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकासुद्धा उरला नाही तर तो जोडीदाराला संबंधातून लागत नाही. माझ्याकडे अशी जोडपी आहेत, मुलं निगेटिव्ह, शाळेत जातात. तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आहे.

आपल्यावर संशय घेतेय असं नवऱ्याला वाटू नये म्हणून मी बायकांना सांगतो की "तुमच्यावर संशय" हा शब्दच आणू नका, म्हणा, "माझी आतली सूज परत होऊ नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय." ते खरंच आहे. पण तुम्हाला मारहाण होत असेल किंवा तशी भीती असेल तर एकटीने हा विषय काढू नका, आधी येऊन बोला.

उत्तरायण | रविवार, रात्री ९:००

वय ६१, पत्नी जाऊन सहा वर्षं. एक मैत्रीण आहे, तीही एकटी, ५७ वर्षांची. तिची पाळी केव्हाच बंद झाली. मुलांना माहीत आहे, त्यांचा आक्षेप नाही. आम्ही कंडोमचा विचारच केला नव्हता, या वयात कशाला असं वाटलं. आता धागा वाचून दोघंही विचारात पडलोय.

माणदेशी | रविवार, रात्री ९:४०

काका, या वयात दिवस जाण्याची भीती नसते म्हणूनच लोक वापरत नाहीत, आणि म्हणूनच रोग पसरतो. पाळी गेल्यावर बाईची आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, लवकर ओरखडे पडतात, त्यातून इन्फेक्शन शिरायला सोपं. दोघं तपासून घ्या, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. हिपॅटायटिस बीची लस आहे, घेतली नसेल तर विचारा. तपासणीचं एक लक्षात ठेवा, आजच्या संबंधाचं उत्तर उद्याच्या रिपोर्टात येत नाही. एचआयव्हीसाठी सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी परत बघतात. तोवर कंडोम आणि भरपूर जेल. ताठपणा मधेच जात असेल तर घट्ट कंडोम आणू नका, डॉक्टरांशी बोला, शुगर-बीपीचा संबंध असतो.

पिशवीवाली_डॉक्टर | सोमवार, सकाळी ६:५०

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. दोन गोष्टी राहिल्यात. कंडोम जेवढी त्वचा झाकतो तेवढंच वाचवतो. जननेंद्रियावर फोड आणणारी हर्पिस आणि एचपीव्ही नावाचा विषाणू हे त्वचेला त्वचा लागून पसरतात, त्यांचा धोका कंडोमने कमी होतो, शून्य होत नाही. एचपीव्हीमुळे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो, आपल्या देशात बायकांच्या कॅन्सरमध्ये तो दुसऱ्या नंबरवर आहे. म्हणून कंडोम वापरत असलात तरी तिशीनंतर पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशींची तपासणी, आणि मुलींना नऊ ते चौदा या वयात लस. पुण्यात तयार होणारी देशी लस २०२३ पासून आहे. अबोली, तुम्हीही पॅप करून घ्या.

दुसरं, कंडोम फाटून दिवस राहिले तर गर्भपात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" याऐवजी "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असं आलंय, त्यामुळे लग्न झालेलं नसलं तरी हे कारण चालतं, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेऊ नका, आधी सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे ना ते बघावं लागतं. नळीत असेल आणि गोळ्या घेतल्या तर जीव जाऊ शकतो. मी असे पेशंट बघितलेत, शेवटच्या वेळी ती २२ वर्षांची होती.

अवांतर: कुणाबरोबर कंडोम फाटला आणि समोरच्याला एचआयव्ही आहे हे माहीत असेल किंवा दाट शंका असेल तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही लागू नये म्हणून पीईपी नावाची औषधं सुरू करता येतात, २८ दिवस घ्यावी लागतात. सोमवारपर्यंत थांबायचं नाही, त्याच रात्री निघायचं. आणि कुणाला विचारायचं सुचत नसेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे.

लेस्टरकर | सोमवार, दुपारी २:१५

इथे इंग्लंडमध्ये एनएचएसची सेक्शुअल हेल्थ क्लिनिक असतात, तपासणी फुकट, कंडोम फुकट, कुणी वर मान करून बघत नाही. पण आपली मराठी मंडळी, विशेषतः एकटे आलेले आयटीवाले आणि विद्यार्थी, तिथे पाऊल टाकत नाहीत, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. दोघांना मी स्वतः सोबत घेऊन गेलोय. जा रे बाबांनो.

रानजाई | २३ दिवसांनी, संध्याकाळी ७:३०

धागाकर्ती परत आलीय, सांगायचं राहिलं होतं. गोळी त्या सकाळी सव्वाआठला घेतली. मेडिकलवाल्याने दुकानातल्या पोराला मोठ्याने हाक मारून विचारलं, "ती ७२ तासवाली आहे का रे?" आणि रांगेतले तिघे माझ्याकडे वळून बघायला लागले. मान खाली घातली नाही मी, पैसे दिले, तिथेच पाणी मागून गोळी गिळली. पाळी सहा दिवस उशिरा आली, ते सहा दिवस कसे काढले माझं मला माहीत.

त्याला हा सगळा धागा वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मला खरंच माहीत नव्हतं रिंग धरायची असते ते, मी ३९ वर्षांचा आहे. बॉक्स काढून आकडा बघितला तर ५३ होता आणि त्याला तो सैलच होत होता, आता ४९ चा आणलाय. गेल्या आठवड्यात दोघंही आयसीटीसीत जाऊन आलो. एकाच बाकावर बसलो होतो. पहिला रिपोर्ट दोघांचा निगेटिव्ह, तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

अबोली ताई, तुम्ही कशा आहात?

अबोली_कराड | २४ दिवसांनी, सकाळी ११:०५

मालक गणपतीला आले होते. माणदेशी दादांनी सांगितलं तसंच बोलले, डॉक्टरांनी सूज परत होऊ नये म्हणून सांगितलंय. एक दिवस तोंड फिरवून होते. दुसऱ्या दिवशी गाडीवर निघताना म्हणाले, पुढच्या खेपेला आलो की दोघं जाऊ तपासायला. मी म्हटलं मी त्याआधीच जाऊन येते. उद्या जायचं ठरवलंय, शेजारणीला सोबत घेतेय, तिला फक्त पोटदुखी सांगितलीय. दादा, केसपेपर काढताना खिडकीवर काय सांगायचं? मागे रांग असते, सगळं ऐकू येतं.

माणदेशी | २४ दिवसांनी, सकाळी ११:२०

ताई, खिडकीवर काही सांगायची गरज नाही. "समुपदेशन" एवढा एक शब्द म्हणा आणि खोली नंबर विचारून घ्या. पाटी आयसीटीसी अशी असेल, दार लावून घेतलं की शेजारीण बाहेर बसेल. उपाशीपोटी जायची गरज नाही, जेवून जा. आधार कार्ड नसलं तरी परत पाठवणार नाहीत. बाहेर आल्यावर वाटलं तर इथे लिहा, नाही वाटलं तरी चालेल.